बाकावरची शेजारची जागा

हे खरं आहे. माझ्या सख्ख्या भावाचं आहे, आणि घडलं तेव्हा मी भिंतीपलीकडेच बसले होते. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मला आता त्याचं काही वाटत नाही.

आणि हो, यात मध्यरात्र नाही. ओसाड बंगला नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. मंगळवारची दुपार होती. चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, लख्ख ट्यूबलाइट, डबे नुकतेच खाऊन झालेले. सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड होती, एवढंच काय ते.

आमची कंपनी एक आभासी जग बनवते. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, हातात दोन कंट्रोलर धरायचे, की आपण एका मोठ्या चौकात उभे. मधे कारंजं, भोवती दुकानं, बसायला बाक. जगभरातून कुणीही यावं, भेटावं, गप्पा माराव्यात. त्याचं खरं नाव वेगळं आहे. ऑफिसात आम्ही त्याला नुसतं चौक म्हणायचो.

तो विकायचं काम माझं.

म्हणजे चौकातली दुकानं भाड्याने द्यायची. कपड्यांच्या कंपन्या, बँका, शिकवणीवाले, सगळ्यांचे उंबरे मी झिजवले. आमचे साहेब म्हणायचे की आणखी काही वर्षांनी लोक खरेदीला, कामाला, मित्रांना भेटायला इथेच येणार. आज जागा घेतली तो उद्याचा राजा. मीही तेच पोपटासारखं बोलायचे. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा.

"लोक थांबतात किती वेळ?"

तिथे माझी बोलती बंद.

कारण लोक थांबतच नव्हते. यायचे, गोल फिरून बघायचे, स्वतःचे हात बघून हसायचे आणि निघून जायचे. रिकाम्या बाजारात कोण कशाला थांबेल?

मग साहेबांनी गर्दीची युक्ती काढली.

ऑफिसात एक छोटी खोली होती. तिच्यात एक साधा लाकडी बाक ठेवला. माणसाला हेडसेट घालायचा, कोपरांना, गुडघ्यांना, कमरेला पट्टे बांधायचे आणि त्याला तिथे नुसतं बसू द्यायचं. त्याने मान डोलवावी, हातवारे करावेत, उठून चार पावलं टाकावीत. त्या हालचाली रेकॉर्ड व्हायच्या आणि चौकातल्या एखाद्या बाहुल्याला चढवल्या जायच्या. बाहुल्याला आवाज नाही. चेहरा म्हणजे गुळगुळीत गोळा. पण लांबून बघणाऱ्याला वाटावं की वा, इथे माणसं आहेत.

आम्ही त्यांना भरतीची माणसं म्हणायचो.

दादा छापखान्यात होता. छापखाना बंद पडला तसा तो घरी बसून चिडचिडा व्हायला लागला, म्हणून मी त्याला या कामाला लावून घेतलं. त्याला फार मौज वाटली. "शेठाणी," तो मला म्हणायचा, "तू हवा विकतेस ते ठीक आहे, पण मलाही हवेत बसवतेस?"

त्याच्या दोन सवयी सांगायला हव्यात.

लहानपणीच्या तापात त्याचा उजवा कान गेला होता. त्यामुळे कुणी बोलायला लागलं की तो मान किंचित वळवून डावा कान पुढे करायचा. आणि दुसरं म्हणजे त्याला कुणी उभं राहिलेलं खपायचं नाही. घरी असो, बसथांब्यावर असो, तो शेजारच्या जागेवर दोनदा तळवा आपटायचा.

टप... टप.

बस.

वहिनी त्याला चिडवायची, "यमदूत आला तरी तुम्ही त्याला आधी बसवून घ्याल."

त्या मंगळवारी दादाला बराच वेळ एका जागी बसून रेकॉर्डिंग द्यायचं होतं. रेकॉर्डिंग करणारा मुलगा बाहेर मशीनपाशी होता. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, कारण तो सगळ्यांना शिस्त लावायचा. मी भिंतीपलीकडे माझं काम करत होते.

काम संपल्यावर मास्तरने काचेवर टकटक केलं. "दादा, झालं."

दादाने हेडसेट काढला नाही.

मास्तर हसला. म्हणाला, झोप लागली वाटतं.

मी आत गेले...

दादा बाकावर ताठ बसला होता. हनुवटी छातीला टेकलेली. एक तळवा शेजारच्या रिकाम्या जागेवर. मी हात लावला आणि मला कळलं. त्याच्या अंगावरचे पट्टे मी स्वतःच्या हातांनी सोडवले, एकेक करून. हे लक्षात ठेवा. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्याला कळलंही नसेल, असंही म्हणाले. बराच वेळ झाला होता.

वहिनीला मी काय सांगितलं, कसं सांगितलं, मला आठवत नाही. ती रडली नाही. सोफ्याच्या एका टोकाला बसून राहिली, दुसऱ्या टोकाकडे बघत.

मी रजा संपवून कामावर परतले ती थेट एका गुंतवणूकदार बाईंना चौक दाखवायला. साहेबांची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. बाई करारी, थोडं बोलणाऱ्या. त्यांनी खुर्चीत बसून हेडसेट घातला. त्यांना काय दिसतंय ते आम्ही भिंतीवरच्या पडद्यावर बघत होतो.

बाई कारंज्यापाशी आल्या.

तिथल्या बाकावर निळं जाकीट घातलेला एक बाहुला बसला होता.

बाई जवळ गेल्या तसा तो वळला. सगळेच बाहुले वळतात, तो प्रोग्रॅमचा भाग आहे.

पण या बाहुल्याने...

मान किंचित फिरवून डावा कान पुढे केला.

मी कप खाली ठेवला. मी स्वतःला समजावलं की अगं, हे त्याचं जुनं रेकॉर्डिंग आहे. वेडी आहेस का?

मग त्याने शेजारी दोनदा तळवा आपटला.

बाई हसल्या. "हा मला बसायला सांगतोय," म्हणाल्या आणि बसल्या.

आणि बसूनच राहिल्या.

आमचा चहा संपला. साहेब घड्याळ बघायला लागले. बाई हलेनात. शेवटी मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी हेडसेट काढला तेव्हा डोळे ओले होते.

"कोण होते हो ते?" त्यांनी विचारलं. "किती शांतपणे ऐकून घेतलं माझं सगळं."

त्या तोंडातून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. आम्ही सगळे तिथेच होतो.

बाईंनी पैसे घालायचं कबूल केलं. साहेबांनी मला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली होती. मी तडक मास्तरकडे गेले आणि त्याला दारामागे धरलं. शेवटच्या दिवसाचं रेकॉर्डिंग चौकात घातलंस का, म्हणून विचारलं.

त्याचा चेहरा पडला. साहेबांनी असेल नसेल ते सगळं चढवायला सांगितलं होतं. त्याने न बघता चढवलं.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता."

"काढलं होतं, ताई," तो म्हणाला. "तुम्ही रजेवर होतात तेव्हाच. दोनदा काढलं, तरी परत येतंय."

तो मला मशीनपाशी घेऊन गेला.

"तुम्हाला एक दाखवायचंय," तो म्हणाला. "मला एकट्याला बघवत नाही."

त्याने ते रेकॉर्डिंग लावलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेघांचा दादा. बसलेला. मान डोलवणारा. मधेच हसल्यासारखे खांदे हलले. मग त्याचं डोकं हळूहळू खाली गेलं. हनुवटी छातीला टेकली. तळवा शेजारी घसरला.

मी तोंड फिरवलं. तेवढंच पुरे होतं मला.

"पुढे बघा," मास्तर म्हणाला.

रेघा स्थिर होत्या. कितीतरी वेळ. मी म्हणणार होते की बंद कर...

तेवढ्यात डोकं वर आलं.

त्याने मान वळवून डावा कान मागे केला. पाठीमागून कुणीतरी हाक मारावी तसा.

आणि तो उठला.

चालत चालत पडद्याच्या कडेपर्यंत गेला. तिथून पुढे काही नव्हतं. तो तिथे उभा राहिला, परत आला, बसला. शेजारी दोनदा तळवा आपटला.

अहो, ते पट्टे त्याच्या अंगावर होते. अंग बाकावर होतं. पट्टे मी सोडवले. मग उठलं कोण?

मी साहेबांकडे गेले. वाईट माणूस नाही तो, खोटं कशाला बोलू. त्यांनी दार लावलं, मला पाणी दिलं, सगळं ऐकलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आलेखाची एक रेघ होती, जमिनीलगत सरपटत आलेली. एका जागी ती उठून उभी राहिली होती.

"लोक थांबायला लागलेत," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या बाकापाशी. हे मी बंद करू? बाहेर जी सगळी बसलीत त्यांना घरी पाठवू? तूच सांग, मी काय करू?"

मी पाण्याचा पेला ठेवला आणि बाहेर आले.

वहिनीला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. पण माझा चेहरा तिला पाठ आहे. तिने खोदून खोदून काढून घेतलं आणि म्हणाली, "मला ने." मी नाही म्हटलं. रोज नाही म्हणत राहिले. एक दिवस ती दवाखान्यातली तिची ड्यूटी अर्धी टाकून स्वतःच ऑफिसात येऊन उभी राहिली. साहेबांनी तिला आदराने बसवलं, डोळ्यांवर हेडसेट चढवून दिला. मी काय करणार होते? बायकोला नवऱ्याकडे जाऊ नको म्हणणार होते?

ती सरळ कारंज्यापाशी गेली. रस्ता विचारला नाही.

टप... टप.

वहिनी बसली. पडद्यावर नुसतं कारंज्याचं पाणी दिसत होतं. पण खोलीतल्या खुर्चीत तिचं अंग हळूहळू एका बाजूला कललं. शेजारी कुणाचा तरी खांदा असावा तसं. आणि ती पडली नाही.

हेडसेट काढल्यावर ती माझ्याकडे बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"त्यांचा हात किती गार पडलाय गं," ती म्हणाली.

त्या कंट्रोलरमधून गार-गरम काही कळत नाही. नुसतं प्लास्टिक आहे ते.

साहेबांनी तिला घरी वापरायला एक हेडसेट दिला. चांगल्या मनाने दिला. त्यानंतर वहिनी कामावर जायची थांबली. मी संध्याकाळी घरी जावं तर दिवा लावलेला नाही, गॅसवर दूध करपलेलं, आणि ती सोफ्याच्या त्या टोकाला, डोळ्यांवर हेडसेट. हाक मारली तर उत्तर नाही. जेवण म्हणजे मी भरवेन तेवढे घास.

भाऊ गेला होता. ही तरी मला हवी होती. आमच्या घरात आता दोघीच होतो.

एक दिवस मी तो हेडसेट तिच्या डोळ्यांवरून काढला, माझ्या कपाटात कोंबला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मला वाटलं होतं, ती आकांत करेल, मला बोल लावेल.

तिने काहीच केलं नाही.

त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी चौकात डोकावले. निळं जाकीट बाकावर होतंच. त्याच्या शेजारी एक राखाडी बाहुली बसली होती. चौकात आलेल्या ज्या माणसांनी अजून कपडे निवडलेले नसतात त्यांच्या बाहुल्यांना तो रंग मिळतो. तिच्या हातावर काही नव्हतं, पण ती उजव्या हाताने डावं मनगट सारखं चाचपत होती. घड्याळ फिरवल्यासारखं.

वहिनी तसंच करते. घड्याळ सैल आहे तिचं.

मी पर्स उघडली. किल्ली जागेवर होती. अर्धा दिवस टाकून घरी धावले. कपाट बंद, हेडसेट आत. वहिनी सोफ्यावर, डोळे उघडे, मनगटावरचं घड्याळ फिरवत.

"वहिनी," मी म्हटलं.

तिने मान किंचित वळवून डावा कान पुढे केला.

तिचे दोन्ही कान उत्तम आहेत हो. उत्तम आहेत.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शरीरात काही दोष नाही म्हणे. धक्का बसलाय, वेळ जाऊ द्या. सगळेच वेळ जाऊ द्या म्हणतात.

शेवटी मी मास्तरच्या हातापाया पडले. तोही कंटाळला होता, घाबरलाही होता. एका रविवारी सकाळी दुरुस्तीसाठी चौक बंद ठेवायचा होता. तेवढ्यात तो सगळं मुळापासून पुसणार होता. बाक, बाहुले, कारंजं, सगळं. मी घरी वहिनीजवळ बसले, फोन कानाला लावून. खिडकीतून छान ऊन येत होतं. मला वाटलं, आता सुटणार. तिच्यासाठी चहाही ठेवला होता.

"करतोय, ताई," मास्तर म्हणाला. "झालं. चौक बंद."

मी वहिनीकडे बघितलं.

तिचं डोकं हळूहळू खाली जात होतं...

हनुवटी छातीला टेकली.

तळवा सोफ्यावर, शेजारच्या जागेवर घसरला.

मी तिला हलवलं. नाकाशी बोट धरलं. काही नव्हतं. छातीला कान लावला. तिथेही काही नव्हतं. मी फोनवर किंचाळले, "चालू कर! पुसू नको, चालू कर!"

मधे किती वेळ गेला ते मला कुणी विचारू नका.

वहिनीने डोकं वर केलं. माझ्याकडे थोड्या रागाने बघितलं.

"मधेच एवढा अंधार कशाला केलास?" ती म्हणाली.

मास्तरने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. मी सोडू शकत नाही.

ज्या चौकाला मला काडी लावायची होती, तोच मी आता जीव तोडून विकते. सकाळपासून फोन करते. गोड बोलते, खोटं बोलते, पाय धरते. साहेब म्हणतात, तुझ्यासारखी विकणारी बघितली नाही.

आणि तरी धंदा बुडतोय.

कारण लोक थांबतात, पण उठत नाहीत. कारंज्यापाशी बसतात आणि दुकानांकडे कुणी ढुंकून बघत नाही. दुकानवाल्यांना त्याचा काय उपयोग? एकेकाने जागा सोडली. आता सगळी शटर खाली आहेत. फक्त बाक भरलेला असतो. आमच्या गुंतवणूकदार बाई हल्ली बैठकीला येत नाहीत. त्यांच्या ऑफिसला फोन केला तर बाई घरी असतात, बरं नसतं, असं सांगतात. बाकावर एक बाहुली आहे, पाठ ताठ ठेवून बसणारी. तिच्याकडे मी बघत नाही.

साहेबांनी परवा मला बोलावून घेतलं. फार थकलेले दिसले. म्हणाले, नवीन माणसं आली तर आणखी काही काळ ओढता येईल. नाहीतर महिनाअखेरीला बटण बंद करावं लागेल.

मी विचारलं, नुसतं चालू ठेवता येणार नाही का? कुणासाठीच नाही, पण चालू?

"कुणाच्या जिवावर?" त्यांनी विचारलं.

त्या रविवारचं त्यांना काही ठाऊक नाही. सांगितलं तरी ते काय करणार आहेत?

म्हणून मी इथे लिहितेय. या पानाला वाचक खूप आहेत असं ऐकलं. तुम्हाला असल्या गोष्टींची आवड असते. एखादी जागा खरंच झपाटलेली आहे म्हटलं की तुम्ही बघायला जाता. निदान एकदा तरी जाता.

चौकाचं खरं नाव मी वर लिहिलं होतं. मग पुसलं. मग पुन्हा लिहिलं. आत्ता तरी ते पुसलेलं आहे. महिना संपायला अजून थोडे दिवस आहेत, आणि तोपर्यंत माझं मन किती वेळा फिरेल ते मला सांगता येत नाही.

वहिनी समोरच आहे. सोफ्याच्या टोकाला, संध्याकाळच्या उजेडात. मी टाइप करतेय ते तिला ऐकू जातंय बहुतेक, कारण तिने मान वळवली आहे. डावा कान माझ्याकडे आहे.

आत्ता तिने शेजारी हात आपटला.

दोनदा.

माझे पाय भरून आलेत. पण मी हे सगळं उभ्यानेच लिहिलंय.